नावाची मोकळी जागा

आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात भूत मानत नाहीत.

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा देवऋषी, उतारे, लिंबू-मिरची सगळं घराबाहेर गेलं ते गेलंच. अमक्याला तमक्या झाडाखाली काहीतरी दिसलं, असं आईसमोर कोणी म्हणालं की ती म्हणते, "दिसलं आसंल. त्याला म्हणावं, डोळं तपासून घे." अशा बाईची मी मुलगी. या पेजवरच्या गोष्टी मी आजवर हसायला म्हणून वाचत होते.

आता हसत नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मागच्या ऑगस्टमधली, भर दुपारची, लोणावळ्यातली आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. कोणाला पटवून द्यायची माझी हौस केव्हाच फिटली.

मी रेणुका. राहणार कान्हे. लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत, चिक्कीच्या गोदामावर माझं आणि गौरवचं दुकान आहे. बिघडलेल्या हार्ड डिस्क, पाण्यात पडलेली मेमरी कार्डं, जुन्या कॉम्प्युटरच्या टेपा यांच्यातून लोकांच्या फायली परत काढून द्यायच्या, हा आमचा धंदा. बंगलेवाले येतात, हॉटेलवाले येतात. लग्नाचं शूटिंग घालवून बसलेले फोटोग्राफर तर रडतच येतात. मशीन मी सांभाळते. प्रोग्राम गौरव लिहितो.

गौरव म्हणजे मारुतीकाकांचा मुलगा. तो त्यांना आप्पा म्हणतो. आमच्या दोन घरांत एकच भिंत. माझ्या डब्यातली भाकरी त्याने खाल्ली आणि त्याच्या वहीतली गणितं मी उतरवली, असे आम्ही वाढलो. सख्खा भाऊ असता तर कदाचित एवढा विश्वास ठेवला नसता.

आता थोडं कामाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

जुने लोक पुष्कळ फायली एकत्र बांधून ठेवायचे. आर्काइव्ह म्हणतात त्याला. आपलं गाठोडंच समजा. गाठोडं हार्ड डिस्कवर असेल तर हवी ती घडी मधूनच उपसता येते. प्रोग्राम उडी मारून नेमका तिथे जातो. पण गाठोडं टेपवर असेल तर तसं जमत नाही. टेपला सुरुवातीपासून वाचत वाचतच पुढे जावं लागतं.

यातही एक मेख आहे. काही टेप मशीन खोटं बोलतात.

तुम्ही सांगायचं, पुढे जा. ते म्हणतं, गेलो. पण जागचं हललेलं नसतं. प्रोग्राम बिचारा विश्वास ठेवतो आणि समोर येईल ते वाचायला घेतो. मग नाव एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा.

म्हणून आमच्या दुकानात मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं : आधी मशीन ओळखा, मग उडी मारा. गौरवने प्रोग्राममध्ये तशी तपासणीच घालून ठेवली होती. मशीन टेपचं आहे असं दिसलं की उडी बंद. मुकाट वाचत जायचं. त्याने हौसेने सगळे निरोपही मराठीत ठेवले होते. काम चाललं की स्क्रीनवर यायचं, "वाचतोय…" उडी मारली की यायचं, "पोचलो."

गिऱ्हाइकं ते वाचून हसायची.

माझे वडील भिकाजी. आम्ही त्यांना बापू म्हणायचो. रेल्वेत गँगमन होते, खंडाळ्याच्या घाटात. ड्युटी संपली की गाणं. बुद्धाची, भीमाची गाणी स्वतः जुळवायचे आणि स्वतः गायचे. लिहिणं फारसं जमत नव्हतं, सगळं तोंडपाठ. मारुतीकाका त्यांच्या मागे कोरसला उभे राहायचे. बायकांच्या कोरसमध्ये आई असायची.

गाणाऱ्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही आमच्याकडची रीत. गाणं कोणाचं हे त्यावरून कळतं. पण बापू मोठे मिश्कील. ते स्वतःचं नाव घ्यायचेच नाहीत. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा शेवट असा होता :

"इंद्रायणीच्या काठावरी कान्हे माझं गाव,
कुणी पुसलं तर सांगा गं बायांनो, गाणाऱ्याचं नाव…"

आणि ते थांबायचे.

ढोलकी थांबायची. पेटी थांबायची. तेवढ्या मोकळ्या जागेत आईने एकटीने म्हणायचं, "भिकाजी!" मग टाळ्यांचा कडकडाट.

आई नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेत नव्हती. त्या पिढीच्या बायका घेतच नाहीत. उखाण्यातही ती लाजायची. तिने बापूंचं नाव घेतलं ते फक्त त्या मोकळ्या जागेत. आणि बापू? ते तिला "अगं ए" म्हणायचे. अख्ख्या संसारात त्यांनी तिला "विठा" म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही.

बापू गेले तेव्हा मी कॉलेजला होते.

दोन वर्षांनी मारुतीकाका तीच गाणी गायला लागले. शेवटी नाव स्वतःचं. मोकळी जागा ठेवायचीच नाही, "मारुती" म्हणून दणक्यात उरकायचं. मग सत्कार झाले, शाली आल्या, मोबाइलवर व्हिडिओ आले. आई एवढंच म्हणायची, "गाणी त्यांची हायत." पण पुरावा काय? कोणी विचारलं की काका डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "भिकाजी माझा गुरुबंधू व्हता. पर गाणी माझी. त्यो गायचा." गाणी कशी जुळतात ते मला कळत नव्हतं. मला वाटायचं, असेलही.

आणि दोन वर्षांपूर्वी आईचा एक कान गेला. दुसराही चालला होता. डॉक्टर म्हणाले, जे काही ऐकायचं ते ऐकून घ्या.

आई म्हणाली, "मला एकडाव त्यांचं गाणं ऐकायचंय. मग गेला कान तर जाऊ दे."

कुठून आणायचं? घरी एक कॅसेटसुद्धा नव्हती.

अन् जुलैमध्ये नथू दुकानात आला. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर तो राखण करतो. त्या बंगल्याचे म्हातारे मालक नुकतेच वारले होते. त्यांना गाणी ध्वनिमुद्रित करण्याचा नाद होता. गावोगाव हिंडून रेकॉर्डिंग करायचे आणि कॉम्प्युटरच्या टेपांवर भरून ठेवायचे. पोरांनी सगळं भंगारात काढलं.

नथूने पिशवीतून एक टेप काढून माझ्यापुढे ठेवली.

"ताई, हे बगा. ह्याच्यावर तुमच्या बापाचं नाव हाय. म्हनलं भंगारात कशापायी टाकायचं."

लेबलवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'भिकाजी आणि मंडळी, कान्हे'.

मी ते लेबल तीनदा वाचलं.

टेप तपासली. फिल्मवरचा थर सुटत चालला होता. बोट लावलं तर तपकिरी पावडर. अशी टेप एकदा वाचून होते, फार तर दोनदा. पुढेमागे झाली की संपली. आणि ती ज्या मशीनमध्ये बसत होती, ते आमच्याकडचं सगळ्यात खोटारडं मशीन होतं.

मी गौरवला म्हटलं, "यात उडी नको हं. एकसुद्धा नको. सुरुवातीपासून सरळ वाचत जायचं."

"तपासणी आहे ना प्रोग्राममध्ये."

"पुन्हा बघ. एकच संधी आहे रे."

त्याने मला टपली मारली. "रेणे, मला पण भिकाजीकाकांचा आवाज ऐकायचाय. बघतो मी. शप्पथ."

ठरलेल्या दिवशी सकाळी त्याने फोन केला. "सगळं बघून ठेवलंय. मी आप्पांबरोबर कार्यक्रमाला चाललोय. तू काकूला घेऊन ये आणि चालू कर."

मी आईला लोकलने लोणावळ्याला आणलं.

त्या दिवशी धुकं खिडकीतून आत येत होतं. बाहेरचा जिनासुद्धा दिसत नव्हता. खालून गुळाच्या पाकाचा वास. आई खुर्चीत बसली, पदर नीट केला. बापू गायचे तेव्हा बसायची तशी, पाठ ताठ. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि माझ्यासाठी लहान स्पीकरही लावला.

मशीनमध्ये टेप सरकवली.

"वाचतोय…"

रीळ फिरायला लागलं. तो आवाज मला पाठ आहे. संथ, एकसारखी घरघर. पहिली फाइल अलगद बाहेर आली. मी ती लावली.

ढोलकी लावण्याचा आवाज. कोणीतरी खोकलं. आणि मग…

"अगं ए… जवळ ये जरा माइकच्या."

बापू!

आईने तोंडावर हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तेच हायत," ती म्हणाली. "गं रेणू, तेच हायत!"

मी पण रडत होते. मला वाटलं, जिंकलो.

पुढे थोडा वेळ वाद्यांची तयारी होती. त्यानंतर ते गाणं होतं. स्क्रीनकडे बघितलं. "वाचतोय…" पुसलं गेलं होतं.

तिथे लिहून आलं…

"पोचलो."

पोचलो? वाचत जाणाऱ्या प्रोग्रामने हा शब्द दाखवायचाच नव्हता. मी मशीनला कान लावला.

रीळ हललंच नव्हतं.

स्पीकरमधून नुसती खरखर आली. गाण्याचं नाव, आत कचरा. प्रोग्राम गोंधळला. टेप मागे पळवली. पुन्हा उडी. "पोचलो." पुन्हा खरखर. पुन्हा मागे. रीळ करवतीसारखं पुढेमागे व्हायला लागलं. मशीनच्या फटीतून तपकिरी पावडर टेबलावर सांडत होती. बापूंचा आवाज माझ्यादेखत भुकटी होऊन पडत होता.

मी कळा दाबल्या. थांबेना.

शेवटी प्लग उपसला. मशीनचा, कॉम्प्युटरचा, स्पीकरचा, सगळ्यांचा.

शांत.

खालच्या गोदामातलीसुद्धा चाहूल नाही. मी प्लग हातात धरून उभी होते. आईला कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

आणि मग…

घरर्र…

संथ. एकसारखी.

रीळ फिरत होतं.

वायर माझ्या हातात होती. मशीनवरचा दिवा विझलेला होता. तरी आत रीळ फिरत होतं, पुढच्या दिशेने, अजिबात घाई न करता. कोणीतरी सुरुवातीपासून नीट वाचत चालल्यासारखं.

"आई…" मी म्हटलं.

तिने हात वर केला. "गप. लागलंय."

तिच्या हेडफोनची वायर कॉम्प्युटरला होती. कॉम्प्युटर बंद होता. आई मांडीवर ताल धरत होती. ओठ हलत होते. मी वाकून हेडफोनला कान लावला.

काही नाही. खरखरसुद्धा नाही. विहिरीत कान घालावा तशी शांतता.

मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिला हेडफोनमध्ये ऐकू येत होतं ते मला तिच्या ओठांवर वाचता येत होतं. इंद्रायणीच्या काठावरी… कान्हे माझं गाव… सांगा गं बायांनो…

तिचा हात थांबला.

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता नाव घेणार.

तिचे ओठ "भिकाजी" म्हणाले. स्पष्ट दिसलं मला. पण आवाज आला नाही. तोंडातून हवा गेली फक्त. तो आवाज कोणीतरी वरच्या वर उचलून नेल्यासारखा गेला.

रीळ थांबलं.

आईने हेडफोन काढला. माझ्याकडे बघून काहीतरी विचारायला लागली, मग गप्प झाली. मी बोलले. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी ओरडले. तिने हळूच मान हलवली.

"गेला गं," ती म्हणाली. बोलायचा आवाज नेहमीचाच होता. "दुसराबी गेला. पर ऐकलं मी. समदं ऐकलं."

मी मशीन उघडून टेप बाहेर काढली. फिल्म उलगडली. तिच्यावर थर उरलाच नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काचेसारखी आरपार. त्यातून मला माझी बोटं दिसत होती.

संध्याकाळी आईला घरी ठेवून मी दुकानात परत आले आणि गौरवचा प्रोग्राम उघडला. माझी आशा होती की चूक झाली असेल. माणसाकडून चूक होते.

तपासणीचा भाग जागेवर होता. त्यातली एकच ओळ बंद करून ठेवली होती, मशीन टेपचं आहे का ते बघणारी. कधी बंद केली ती वेळही फाइलवर होती. त्याच दिवशी सकाळी. मला फोन करायच्या थोडं आधी.

गौरव आला तेव्हा मी दिवासुद्धा लावला नव्हता.

"कशी झाली टेप?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"तू सांग."

तो चपलेने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "आप्पा म्हणाले, ती टेप बाहेर आली तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. रेणे, ते म्हातारे झालेत गं. आता काय मिळणार होतं तुम्हाला? आठवणी आहेतच की तुमच्याकडे."

"आईचा कान होता," मी म्हटलं. "एक. शेवटचा."

"मला वाटलं टेप नुसती अडकेल. एवढी खराब होईल असं…"

"हे मशीन खोटं बोलतं, हे मला कोणी शिकवलं रे? तूच ना?"



केसाने गळा कापला म्हणतात ना, तो असा. मशीन खोटं बोललं त्याचा राग नाही येत मला. ते यंत्र आहे, त्याची घडण तशी. पण हा माझ्याच डब्यातलं खाऊन वाढला. "बघतो मी, शप्पथ" म्हणाला आणि जागचा हललासुद्धा नाही. उलट बघितलेलं मोडून ठेवलं. त्या दिवशी मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. आजवर त्याच्याशी बोललेले नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कोणालाच सांगितली नसती. फसवणूक घरोघरी होते.

पण सप्टेंबरमध्ये घोरावाडीला एका हॉलमध्ये मारुतीकाकांचा सत्कार ठेवला होता. आई हट्टाला पेटली. "मला न्यायचं."

मी खुणा करून विचारलं, ऐकू तर येत नाही, मग कशाला?

"बसायचंय," ती म्हणाली.

आम्ही पहिल्याच रांगेत बसलो. दुपारची वेळ, हॉल भरलेला, पंखे चालू. गौरव मागे साउंडवाल्याजवळ उभा होता. काकांनी आईला बघितलं, पण माइक हातात घेतल्यावर माणसाला उसना धीर येतो. त्यांनी तेच गाणं घेतलं. कोरसला चार पुरुष. बाई एकही नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

शेवटचं कडवं आलं.

"कुणी पुसलं तर सांगा रं मंडळी, गाणाऱ्याचं नाव…"

काकांनी तोंड उघडलं.

आवाज नाही.

ढोलकी थांबली. पेटी थांबली. कोणी थांबवली नव्हती, वाजवणारे स्वतःच आपल्या हातांकडे बघत होते. आणि त्या मोकळ्या जागेत, दोन्ही स्पीकरमधून, खणखणीत…

"भिकाजी!"

बाईचा आवाज. तरुण. थोडा लाजरा, तरी ठाम.

तो आवाज मी ओळखला. लहानपणी दिवेलागणीला मला गल्लीतून हाका मारणारा आवाज होता तो. आईचा. तीस वर्षांपूर्वीचा.

मी आईकडे बघितलं. तिचं तोंड मिटलेलं होतं.

लोकांना वाटलं, गाण्यात काहीतरी नवीन बसवलंय. टाळ्या पडल्या. काका पांढरेफटक पडले. त्यांनी घाम पुसला आणि ती ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा आवाज गेला.

"भिकाजी!"

साउंडवाला वायरी उपसून बघत होता. गौरवने स्वतःच्या हाताने साउंडचं मशीन बंद केलं. काकांनी तिसऱ्यांदा म्हणून बघितलं. बंद स्पीकरमधून तेच आलं.

काका माइक खाली ठेवून स्टेजवरून उतरले. सरळ आईपाशी आले आणि सगळ्या लोकांसमोर खाली बसले. रडत होते.

"वैनी, चुकलं माझं. गाणी भिकाजीचीच हायत. समदी त्याचीच. माफ करा मला, वैनी."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतोय त्यो? मला ऐकू येत न्हाई."

मी सांगू शकले असते. खुणांनी, मोबाइलवर लिहून, कसंही.

मी सांगितलं नाही. मी आईचा हात धरला आणि तिला घेऊन बाहेर आले. काका अजून तिथेच बसलेले होते. ते आता गात नाहीत. घसा गेला, असं गौरव लोकांना सांगतो.

आमचा न्याय झाला, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही महिनाभर तसंच वाटलं. मी मनातल्या मनात बापूंना म्हटलंसुद्धा, बरं केलंत.

पण आई तो हेडफोन घरी घेऊन आली आहे.

रोज दुपारी जेवण झालं की ती ओसरीवर बसते, हेडफोन कानावर चढवते. वायरचं टोक मांडीवर पडलेलं असतं, कशालाच जोडलेलं नसतं. ती ताल धरते. ओठ हलतात. मोकळी जागा येते तिथे तिचा हात थांबतो.

मी बरेच दिवस बघत होते. त्या जागी तिचे ओठ आता हलत नाहीत. ती नुसती ऐकते. आणि लाजते. साठी उलटलेली माझी आई, नव्या नवरीसारखी मान खाली घालते.

एक दिवस मी पाटीवर लिहून विचारलं, "आता नाव का घेत नाहीस?"

ती म्हणाली, "आता मी न्हाई घेत. आता ते माझं घेत्यात."

"म्हणजे?" मी खुणेने विचारलं.

"विठा म्हणत्यात."

मी लिहिलं, "आई, आपण हे मानत नाही."

"कोण मानतंय?" ती चिडली. "भूतबीत काय नसतं. मालक हायत ते माझं."

मी हेडफोन लपवून बघितला. ती तशीच बसली, रिकाम्या कानांनी, आणि ताल चालूच. शेवटी मीच परत आणून दिला.

बापू, मी तुमचा आवाज तिला परत मिळावा म्हणून जिवाचं रान केलं. तुम्ही तिचा कान घेतलात, तिच्या तोंडातलं तुमचं नाव काढून घेतलंत. ठीक आहे, ते तुमचंच होतं. पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या पहिल्या फाइलनंतर एकदाही नाही. मी तुमची कोणीच नव्हते का? गौरवने फसवलं त्याहून हे जास्त लागतं, आणि हे कोणाला सांगताही येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

दुकान मी आठवडाभर उघडलेलं नाही. आईला दुपारी एकटं सोडवत नाही.

आणि काल तिने हेडफोन लवकर काढला. उठली, ठेवणीतलं, लग्नातलं पांढरं लुगडं काढून खाटेवर ठेवलं. केस विंचरले. मी हातानेच विचारलं, काय झालं? आज बापूंनी नाव घेतलं नाही का?

"न्हाई," ती म्हणाली. "आज नाव न्हाई घेतलं."

मग…?

ती दाराकडे बघत होती.

"आज म्हणालं… पोचलो."

तो शब्द मी आईला कधी सांगितलेला नाही. तिला वाचायला चष्मा लागतो आणि तो घरीच राहिला होता, त्या दिवशी स्क्रीनवरचं तिला दिसणं शक्यच नव्हतं.

जन्मभर मी त्या मशीनला शिव्या दिल्या, जागचं न हलता पोचलो म्हणतं म्हणून. काल रात्रभर मी आईच्या खाटेला टेकून बसले होते, आणि हा शब्दही तसाच खोटा निघावा एवढंच मागत होते. आता दुपार होत आली आहे. आई ओसरीवर बसली आहे. ओसरीचं दार मी आतून लावलं आहे आणि ती मला सारखं उघडायला सांगते आहे.